अडतीस ग्रॅमचा पंचनामा

सोमवारी पुस्तक तीन किलो चारशे बारा ग्रॅम भरलं होतं. शुक्रवारी तेच पुस्तक, त्याच काट्यावर, तीन किलो तीनशे अठ्ठ्याण्णव भरलं. चौदा ग्रॅम कमी.

तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, असेल काहीतरी. खरं तर तुम्ही-आम्ही पुस्तक तोललंच नसतं. फार तर वाचलं असतं. पण काटेसाहेबांची गोष्ट वेगळी. त्यांनी उभी हयात वजनमापे खात्यात काढली होती. दुकानात पाऊल टाकायचं आणि पारड्याच्या खाली चिकटवलेली मेणाची गोळी नखाने काढून दुकानदाराच्या तळहातावर ठेवायची, हा त्यांच्या डाव्या हातचा मळ. 'काटेसाहेब' हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते दुकानदारांनी पाडलेलं नाव. पण निवृत्त होताना खात्याने दिलेल्या निरोपपत्रावरही चुकून तेच छापलं गेलं, आणि मग साहेबांनीही तक्रार केली नाही. घरी त्यांचा स्वतःचा काटा होता, पाच किलोपर्यंत तोलणारा, ग्रॅमाला ग्रॅम सांगणारा. या जगात त्यांचा विश्वास फक्त त्याच्यावर होता.

पुस्तक सासऱ्यांचं. लाल कातडी बांधणी, पाठीवरची सोनेरी अक्षरं निम्मी उडालेली, आणि आत प्राचीन ग्रीकांचा इतिहास आणि त्यांच्या लढाया, बारीक इंग्रजी अक्षरात. त्यात बासष्ट चित्रं. तिहेरी वल्ह्यांची जहाजं, घोड्याच्या केसांचे तुरे लावलेली शिरस्त्राणं, तटाला लावलेल्या शिड्या आणि त्या शिड्यांवरून हातपाय पसरून खाली येणारी माणसं. प्रत्येक चित्रावर झिरझिरीत कागदाचा पदर. सासरे वारल्यावर त्यांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या, तेव्हा जिन्याखालच्या कपाटात ते निघालं. त्या खोल्यांना बारा महिने ओल. कपाट उघडलं तर कुबट वासाने बायकोला तीन शिंका आल्या आणि मग एकदम रडू आलं.

"ताई, पुस्तक तू घेऊन जा," छोटू म्हणाला. "माझ्याकडे जागा कुठाय?"

छोटू म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय बावन्न, उंची सहा फूट, शाळेत चित्रकलेचा शिक्षक. तो इतक्या सहज पुस्तक देतोय म्हटल्यावर काटेसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी काही सहज दिलं नव्हतं, आणि ज्यांनी द्यायचा प्रयत्न केला त्यांच्यावर त्यांनी खटले भरले होते. म्हणून घरी आल्याबरोबर त्यांनी पुस्तक आधी तोललं, आकडा एका वहीत लिहिला आणि नजरेसमोर राहावं म्हणून दिवाणखान्यात फ्रिजवर, खिडकीच्या उन्हात ठेवलं.

आणि चार दिवसांत चौदा ग्रॅम गायब.

साहेबांनी पानं मोजली. पूर्ण. चित्रं मोजली. बासष्ट. झिरझिरीत कागद मोजले. तेही बासष्ट. मग वहीत 'शेरा' असा आणखी एक रकाना आखला. 'शनिवार. २ ग्रॅम कमी. दूधवाला दारापर्यंत आला होता.' 'रविवार. ६ ग्रॅम कमी. मेहुणा. अडीच तास.' 'सोमवार. ३ ग्रॅम कमी. कोणीही आलं नाही.' या शेवटच्या वाक्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं आणि दुपारी ते गडद केलं.

आता असली गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे माणसाला त्रास होतो. साहेब खालच्या मजल्यावर गेले. तिथे एक गृहस्थ राहत. त्यांचा पूर्वी छापखाना होता, म्हणून सगळी इमारत त्यांना छापखानेवालेच म्हणे. छापखाना बंद झाला तरी त्यांची सल्ले छापण्याची हौस चालू होती.

"पानं मोजलीत?" छापखानेवाल्यांनी विचारलं.

"मोजली. पूर्ण आहेत."

"चित्रं?"

"बासष्टच्या बासष्ट."

छापखानेवाल्यांनी दार लोटून घेतलं. "साहेब, बासष्ट आहेत हे खरं. पण तीच आहेत कशावरून?"

साहेब खुर्चीच्या कडेवर आले.

"जुना कागद जाड असतो," छापखानेवाले म्हणाले. "समजा, एखाद्याने एक चित्र अलगद काढलं. त्याची हुबेहूब नक्कल केली, पातळ कागदावर. ती तिथे डकवली. पुढच्या खेपेला दुसरं. बघणाऱ्याला काय दिसणार? बासष्ट. पण वजन बोलतं, साहेब! घरात कोणाचा हात चित्रकलेत चांगला आहे का?"

साहेबांच्या डोळ्यांपुढे सहा फूट उंचीचा मेहुणा उभा राहिला. कारण रविवारी छोटू नुसता आला नव्हता. खांद्याला पिशवी, पिशवीत कागदांची गुंडाळी, पेन्सिली, खोडरबर. अडीच तास जेवणाच्या टेबलाशी पुस्तक उघडून बसला होता आणि साहेब जवळ गेले की कागदावर हात आडवा ठेवत होता.

"आणि एक करा," छापखानेवाले म्हणाले. "चित्रांच्या मागे पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा. वरच्या कातड्यावर पावडर भुरभुरा, बोटांचे ठसे उठतात. म्हणजे पुरावा."

साहेब वर आले. जिन्यात अर्ध्यावर थांबून त्यांच्या मनात आलं, या माणसाला हे सगळं इतकं तपशीलवार कसं माहीत? वर गेल्यावर त्यांनी वहीत छापखानेवाल्यांच्या नावाचंही एक पान उघडलं.

त्या आठवड्यात साहेबांनी बासष्ट चित्रांच्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात एकेक ठिपका काढला. बायको भाजीला गेली की दहा-बारा ठिपके, ती अंघोळीला गेली की आणखी पाच-सहा. पुस्तक एक-दोन दिवसांआड एखाद्या ग्रॅमने उतरतच होतं. रविवारी छोटू आला तेव्हा साहेब समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले आणि त्याच्या पिशवीतून निघालेले कागद मोजले. येताना दहा, जाताना दहा. इतका चोख हिशेब फक्त लबाड माणसाचा असतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

संध्याकाळी त्यांनी ठिपके तपासले. एकही ठिपका नव्हता! बासष्ट चित्रांपैकी एकाच्याही पाठीवर ठिपका नव्हता. पाठी कशा स्वच्छ, कोऱ्या.

एका बैठकीत बासष्ट चित्रं! हा मेहुणा नव्हता, हा कारखाना होता.

पुढच्या रविवारी त्यांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बायकोच्या डब्यातली तोंडाला लावायची पावडर भुरभुरली. शिवाय छोटू हात धुवायला आत गेला तेव्हा त्याची पिशवी उचलून काट्यावर ठेवली. येताना एकदा, जाताना एकदा. फरक निघाला की झालं. पिशवी नऊशे चाळीसवर स्थिर होत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"भाऊजी, माझी पिशवी काट्यावर काय करतेय?"

साहेबांना खोटं बोलता येत नसे. "तोलतोय," ते म्हणाले.

"का?"

यावर साहेबांनी तीन आठवड्यांचं सगळं सांगितलं. आकडे, तारखा, ठिपके. सांगताना त्यांचा आवाज खात्यातल्यासारखा झाला. छोटूने ऐकून घेतलं. मग पिशवी उचलली, खांद्याला लावली, "येतो ताई" म्हणाला आणि गेला. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती साहेबांना एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही आणि तिसऱ्याही दिवशी नाही. जेवण वेळेवर वाढलं जाई, पण ताट टेबलावर ठेवताना जरा जास्त आवाज होई.

आता एखाद्या सुज्ञ माणसाने इथे माघार घेतली असती. पण साहेबांचं म्हणणं असं, की आपण बरोबर आहोत हे सिद्ध झाल्याशिवाय आपल्याला घरात कोणी वाली नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पोलीस ठाणं गाठलं.

टेबलामागे एक हवालदार बसले होते. "काय चोरीला गेलं?"

"अडतीस ग्रॅम," साहेब म्हणाले.

हवालदारांचं पेन थांबलं. "अडतीस ग्रॅम काय?"

"वजन. पण ते एकदम गेलेलं नाही. कधी एक ग्रॅम, कधी दोन ग्रॅम असं. रविवारी जास्त."

"रविवारी जास्त." हवालदारांनी आजूबाजूला बघितलं. "माल कुठे असतो?"

"घरात. फ्रिजवर."

"आणि बाहेर कोण नेतं?"

"मला संशय मेहुण्याचा आहे. शाळेत शिक्षक आहे. पिशवी घेऊन येतो."

"शाळेत?" हवालदार उठून उभे राहिले. "हे सगळं लिहून ठेवलंय कुठे?"

"म्हणजे काय! वही आहे. घरी काटा पण आहे, ग्रॅमाला ग्रॅम सांगणारा."

"बसा काका, बसा. चहा घ्या. कुठे जाऊ नका," हवालदार अतिशय प्रेमाने म्हणाले आणि आत गेले. साहेबांना फार बरं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं म्हणणं गांभीर्याने घेतलं होतं. 'काका' म्हणाले ते तेवढं खटकलं.

अर्ध्या तासात पोलिसांची गाडी इमारतीच्या दाराशी लागली. गाडीतून फौजदार मॅडम उतरल्या, हवालदार उतरले, आणखी दोन शिपाई उतरले आणि शेवटी दोघांच्या मधून काटेसाहेब उतरले. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. साहेबांनी वर बघून हात केला. त्यांची समजूत अशी, की तपास सुरू झाला.

तपास सुरू झालाच होता. फ्रिजवरून पुस्तक खाली आलं. पुठ्ठ्यावर पांढरी पूड. हवालदारांनी ती बोटाने उचलून नाकाशी धरली. "मॅडम, वास गुलाबाचा येतोय."

"हल्ली मिसळतात," मॅडम म्हणाल्या.

पुस्तकातून झिरझिरीत कागद निघाले. "पुड्या बांधायला," शिपाई म्हणाला. काटा निघाला. वही निघाली. मॅडमनी ती उघडून मोठ्याने वाचली. "'रविवार, सहा ग्रॅम, मेहुणा. मंगळवार, दोन ग्रॅम, छापखानेवाले जिन्यात भेटले, नजर चुकवली.' हे छापखानेवाले कोण?"

पंच म्हणून ज्यांना खालून बोलावून आणलं होतं ते छापखानेवाले भिंतीला टेकले. "मॅडम, मी फक्त सल्ला दिला होता."

"कोणता सल्ला?"

"पावडरीचा," छापखानेवाले म्हणाले, आणि पंचाचे आरोपी कसे होतात ते इमारतीने प्रत्यक्ष पाहिलं.

वही मॅडमनी स्वतःकडे ठेवली; पुस्तक, काटा आणि पावडरीचा डबा असा मुद्देमाल कापडात बांधून त्यावर लाख लावण्यात आली. मुद्देमाल ताब्यात घेताना तोलला जात नाही, हे बघून साहेबांचा जीव वरखाली झाला. "तोलून घ्या," ते म्हणाले, "नाहीतर पुढे वाद होतो." मॅडमनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गाडीत जाऊन बसले.

ठाण्यात छोटूलाही बोलावून आणलं होतं. तो शाळेतून तसाच आला होता, शर्टाच्या बाहीला निळा रंग लागलेला. बायको त्याच्या शेजारी बाकावर बसली होती. मॅडमनी वही त्याच्यापुढे ठेवली.

"यातला मेहुणा तुम्हीच ना? हे सहा ग्रॅम कसले?"

छोटूने वही हातात घेतली. एकेक पान उलटत तो सगळं वाचत गेला. प्रत्येक रविवार, येताना किती कागद, जाताना किती, चहा प्यायला किती मिनिटं लागली, हात धुवायला किती. साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. ते बंद होतं.

"मला माहीत नाही," छोटू शेवटी म्हणाला. "पण भाऊजींनी लिहिलंय म्हणजे आकडा बरोबरच असेल. त्यांचा काटा चुकत नाही."

साहेबांना हे का लागलं ते त्यांना कळलं नाही, पण लागलं.

"मॅडम," बायको म्हणाली, आणि चार दिवसांनी तिचा आवाज ऐकून साहेब दचकले. "आमच्या बाबांच्या खोलीला ओल होती. पुस्तक वर्षानुवर्षं त्या ओलीत पडलेलं. आमच्याकडे ते उन्हात ठेवलं. वाळलं ते. कपडे वाळले की हलके होतात की नाही? तसं."

हवालदारांनी मान हलवली. दोन्ही शिपायांनी मान हलवली.

"आणि ते ठिपके?" साहेब कसेबसे म्हणाले.

"कुठले ठिपके? बाबांच्या चित्रांमागे कोणीतरी घाण करून ठेवली होती. मी बसून सगळी खोडून काढली. खोडरबर झिजला माझा."

मॅडमनी वही मिटली. "काका, तुम्ही नोकरी कुठे करत होता म्हणालात?"

"वजनमापे खात्यात," साहेब म्हणाले. "मुख्य निरीक्षक."

मॅडम पुढे काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण साहेबांच्या कानात शेकडो दुकानदार एकदम बोलायला लागले. 'वाळलं साहेब. आणलं तेव्हा पुरं होतं, उन्हाने उतरलं.' हे कारण त्यांनी तीस वर्षं ऐकलं होतं आणि एकदाही मान्य केलं नव्हतं. प्रत्येकाच्या कागदावर त्यांनी एकच शेरा मारला होता: 'कारण हास्यास्पद.'

छापखानेवाल्यांना चहा पाजून घरी सोडलं. पावडर ही पावडरच असल्याचा दाखला यायला आठ दिवस लागले, आणि तोवर पुस्तक ठाण्याच्या मागच्या खोलीत, एका गळक्या नळाशेजारी, लाखेच्या शिक्क्यात पडून राहिलं. परत मिळालं तेव्हा काटाही परत मिळाला होता. सवयीने साहेबांनी तिथेच टेबलावर पुस्तक तोललं. तीन किलो चारशे एकसष्ट. तक्रार केली तेव्हा होतं त्यापेक्षा तब्बल सत्त्याऐंशी ग्रॅम जास्त!

साहेबांनी तोंड उघडलं. शेजारी बायको उभी होती. ती पदराने पुस्तकाची धूळ पुसत होती. साहेबांनी तोंड मिटलं आणि 'मिळाले' लिहून सही केली. हरकत न नोंदवता केलेली ही त्यांची आयुष्यातली पहिली सही. ती जरा वाकडी आली.

"आता हे घेऊन छोटूकडे जा," ठाण्याच्या पायऱ्या उतरताना बायको म्हणाली.

"मी? तू चल ना बरोबर."

"मी आले की तुम्ही मलाच बोलायला लावाल. एकटे जा. आणि नुसतं देऊन येऊ नका, काय बोलायचं ते बोला."

काय बोलायचं ते साहेबांना माहीत होतं. ते तोंडातून कसं काढतात याचा सराव नव्हता. वाटेत त्यांनी दोनतीन मसुदे केले. 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे' यात खात्याचा वास येत होता. 'माझं चुकलं' हे फार उघडं पडत होतं. छोटूचं दार आलं तेव्हा हातात एकही मसुदा नव्हता, फक्त तीन किलो चारशे एकसष्ट ग्रॅमचं पुस्तक होतं.

छोटूने दार उघडलं. पुस्तक बघून तो बाजूला झाला. एकच खोली, आणि खरोखरच जागा नव्हती, कारण भिंतभर दोऱ्या बांधून त्यांवर चिमट्यांनी कागद टांगले होते. तिहेरी वल्ह्यांची जहाजं. तुऱ्यांची शिरस्त्राणं. शिड्यांवरून पडणारी माणसं. सगळी छोटूच्या हातची, पेन्सिलीची आणि काही रंगवलेली.

साहेबांनी सवयीने मोजली. सव्वीस.

"सगळी बासष्ट काढणार होतो," छोटू म्हणाला. "लहानपणी बाबा रात्री जेवणानंतर एकेक चित्र दाखवायचे. ताईला एक दिवस, मला एक दिवस. मूळ पुस्तक ताईकडेच असावं, तिचा जीव त्यात जास्त. मी म्हटलं, आपल्यापुरती नक्कल करून घेऊ. पुरी झाल्यावर तिला दाखवणार होतो. म्हणून हात आडवा धरायचो."

साहेब एका जहाजाजवळ गेले.

"वल्हं... वल्हं चांगलं आलंय," ते म्हणाले. मग पुस्तक टेबलावर ठेवून, त्यावरचा हात न काढता, त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "माझं चुकलं रे. फार चुकलं. छत्तीस राहिलीत ना? हे इथेच राहू दे. पुरी होईपर्यंत."

छोटूने मान हलवली. तो वळून पुस्तक चाळायला लागला आणि एका चित्रावर थांबला. सैनिकांची लांबच लांब रांग, ढालीला ढाल लागलेली.

"हे अडलंय माझं," तो म्हणाला. "ढालीमागचा हात बसत नाही. भाऊजी, दहा मिनिटं उभे राहाल?"

अशा वेळी माणूस नाही म्हणू शकत नाही. साहेबांच्या डाव्या हातात मोठ्या पातेल्याचं झाकण आलं, उजव्या हातात छत्री आली आणि ते खिडकीशी भाला रोखून उभे राहिले. छोटू त्यांच्या डावीकडे स्टुलावर बसून काढू लागला.

"झाकण एवढं छातीसमोर नका धरू. जरा डावीकडे. निम्मं बाहेर."

"निम्मं बाहेर? मग माझी उजवी बाजू उघडी पडली."

"तशीच असते ती. तुमची ढाल निम्मी तुमच्या डावीकडच्या माणसासाठी. तुमची उजवी बाजू उजवीकडचा झाकतो."

साहेबांनी हे सगळं मनात नीट तपासून बघितलं. "आणि उजवीकडचा पळून गेला तर?"

"मग आपण मेलो."

"त्याच्याकडून आधी काही लेखी घेत असतील ना?"

"नाही, भाऊजी. हलू नका."

साहेब हलले नाहीत. नुसते डोळे फिरवून त्यांनी उजवीकडे बघितलं. तिथे एक कपाट होतं आणि त्याचं दार अर्धवट उघडं होतं. त्या दाराकडे त्यांनी काही क्षण अतिशय संशयाने पाहिलं. मग एक श्वास सोडला आणि झाकण आणखी थोडं डावीकडे, छोटूच्या बाजूला सरकवलं.

"हां," छोटू म्हणाला. "आता बसला हात."